दोन चांदण्यांची वाट

सुनेने तिसरं बटण दाबलं आणि रंगमंचावर कोणीतरी कढईत काहीतरी तळायला घेतलं.

निदान ऐकणाऱ्यांना तसंच वाटलं. खरं तर तिथे मुसळधार पाऊस पडायला हवा होता. डोंगरातल्या निवाऱ्यात अडकलेला म्हातारा छताकडे पाहून "आज काही हा थांबत नाही," म्हणाला, आणि तळण चुर्र चुर्र करत चालूच राहिलं. म्हाताऱ्याचं काम करणारा नट मुरलेला होता, म्हणून हसला नाही. त्याची नाटकातली मुलगी मात्र भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि तिचे खांदे हलू लागले.

पहिल्या रांगेतल्या दिग्दर्शकाने चष्मा कपाळावर चढवला आणि मागे वळून काचेच्या खोलीकडे पाहिलं.

"तळून झालं की सांगा," तो म्हणाला. "आम्ही थांबतो."

काचेच्या खोलीत सून घामाघूम झाली. पुढचं बटण दाराचं होतं. ते दाबलं तर कोणी खाकरल्यासारखं झालं. घोड्याचं दाबलं तर एखादा झिंगलेला माणूस भलत्याच घराचं दार बडवतोय असं वाटलं. शेजारच्या खुर्चीत आवाजकाकू बसल्या होत्या, उजवा हात प्लॅस्टरमध्ये आणि डावा तोंडावर. सुनेला वाटलं, त्यांना रडू येतंय. तोंडावरचा हात बाजूला झाला तेव्हा कळलं की बाईंना हसू आवरत नव्हतं.

आवाजकाकू म्हणजे तिच्या सासूबाई. ऐन तारुण्यात या नाटक कंपनीत आवाज करायला म्हणून शिरल्या त्या शिरल्याच. दारं, पावलं, वादळं, भुतं, सगळं त्यांचं. त्यांचं खरं नाव बहुधा फक्त पगार करणाऱ्याला माहीत असावं. हात मोडला तोही आवाजापायीच. छताचा पंखा कुरकुरतो म्हणून तो ध्वनिमुद्रित करायला स्टुलावर चढल्या आणि स्टूल हललं. यंत्र चालू होतं. डॉक्टर हाड बसवत असताना त्या आपल्या मुलाला सांगत होत्या की हात गेला तो गेला, पण पडल्याचा आवाज काय सुरेख आलाय.

पण हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती, हे त्यांनाही ठाऊक होतं. आवाजाच्या टेबलावरच्या सरकत्या खुंट्या एका हाताने सांभाळता येत नाहीत. दिग्दर्शकाने विकतचा आवाजांचा एक संच आणून ठेवला होता. त्यात पावसाला पाऊस म्हणत आणि घोड्याला घोडा, आणि तो कोणीही वाजवू शकत होतं. काकू, या खेपेला तुम्ही आराम करा, असं तो म्हणाला होता. मनापासूनच म्हणाला होता बिचारा. पण आराम करा याचा अर्थ नाटकातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. एकदा खुर्ची सुटली की तिच्यावर दुसरं कोणीतरी बसतं आणि मग तुम्हाला पहिल्या प्रयोगाला फुलं घेऊन बोलावतात. आवाजकाकूंना फुलांचं वावडं होतं. त्या पटकन बोलून गेल्या की माझी सून असं काहीतरी करून देईल की एका बोटाने सगळं नाटक वाजेल.

हे सुनेला रात्री जेवताना कळलं.

सून प्रोग्रामर होती. घरूनच काम करायची, वरच्या खोलीत, दार लावून. पोटापाण्याचं काम वेगळं होतं, पण तिच्या जिवाभावाची होती ती तिची स्वतःची एक लहानशी लायब्ररी. लायब्ररी म्हणजे कपाटं आणि पुस्तकं नव्हेत. इतर प्रोग्रामरांनी आपापल्या कामात जोडून घ्यावा असा तयार प्रोग्राम. तिची लायब्ररी एकच काम करायची, पण चोख करायची. संगणकात फोल्डर, त्यात फोल्डर, त्यात फाइली अशी जी भाऊगर्दी असते, तिच्यातून नावाचा अर्धामुर्धा तुकडा सांगून हवी ती फाइल शोधायची. जो भाग माहीत नाही तिथे एक चांदणी, म्हणजे ताऱ्याची खूण, टाकायची, बस्स. 'पाऊ' लिहून पुढे चांदणी टाकली की पाऊस, पाऊल, पाऊलवाट, सगळं हजर.

एका गोष्टीबद्दल मात्र ती हटून बसलेली असायची. तिच्या लायब्ररीत एक चांदणी एकाच फोल्डरात हिंडायची. फोल्डराचा उंबरठा ओलांडून आतल्या फोल्डरात डोकावायची नाही. त्यासाठी दोन चांदण्या शेजारी शेजारी लिहाव्या लागत. कुठल्या तरी दूरदेशीचा एक वापरकर्ता तिला सारखा लिहायचा की हा नियम काढून टाका, एकाच चांदणीला सगळीकडे जाऊ द्या, किती बरं होईल. ती दर वेळी नम्रपणे नाही म्हणायची. न विचारता दुसऱ्याच्या खोलीत शिरणं तिला प्रोग्राममध्येही बरं वाटत नसे.

घरातही ती तशीच होती. जिन्याखालची गाद्यागिरद्यांनी मढवलेली खोली सासूबाईंची, आवाजांची. लग्न होऊन आल्यापासून ती त्या खोलीच्या दाराशी थांबून चहा द्यायची आणि परतायची. सासूबाई वर आल्या तर त्याही दाराशीच थांबत. दोघी एकमेकींशी इतक्या चांगल्या वागत की बघणाऱ्याला अवघडल्यासारखं व्हावं. मागे एकदा तिने दार उघडलं तर सासूबाई बाहेर उभ्या, शाल गुंडाळून, एक हात शालीच्या आत. काही हवंय का आई, असं विचारलं तर, काही नाही ग, म्हणून खाली गेल्या. सुनेच्या मनाला ते लागून राहिलं. तिचा कीबोर्ड जुना, जाडजूड, खडखड वाजणारा. आणि खाली बसणारी बाई कानावर पोट भरणारी. बिचाऱ्या सांगायला आल्या असतील आणि भिडेखातर परत गेल्या असतील. सुनेने त्याच आठवड्यात बिनआवाजाचा कीबोर्ड आणला आणि जुना कपाटावर टाकला. सासूबाई त्यावर चकार शब्द बोलल्या नाहीत, तेव्हा आपण बरोबर ओळखलं अशी तिची खात्री झाली.

तर अशी ही सून, तिला आवाजाचं यंत्र करायला सांगितलं. तिने संहिता वाचली, जिथे आवाज हवा तिथे एकेक बटण ठरवलं, आणि सासूबाईंच्या फाइली ज्या डिस्कवर होत्या ती मागून घेतली. फोल्डर एकेक उघडून बघायचं तिच्या मनातही आलं नाही. दुसऱ्याच्या कपाटात कशाला हात घाला? आपली लायब्ररी आहे की. 'पाऊस'च्या आगेमागे चांदण्या टाकल्या, 'दार'च्या आगेमागे टाकल्या, 'घोडा'च्या टाकल्या, आणि दोन चांदण्या देऊन साऱ्या डिस्कभर शोधायला मोकळ्या सोडल्या. प्रत्येकाला एकेक फाइल सापडली. तिला काय आनंद झाला. ऐकून बघायची गरजच वाटली नाही. पाऊस म्हणजे पाऊस, त्यात काय ऐकायचं?

तालीम आटोपली तेव्हा दिग्दर्शक काचेच्या खोलीत आला. तो रागावला नाही, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं. परवा दुपारी पहिला प्रयोग आहे, सगळी तिकिटं गेली आहेत, उद्याची तालीम शेवटची, असं त्याने सांगितलं. उद्याही असंच झालं तर विकतचा संच लावू. मग प्लॅस्टरकडे बघून त्याचा आवाज खाली आला.

"काकू, शेवटच्या प्रवेशाला एक शब्द नाही. म्हातारा, मुलगी आणि शेकोटी. शेकोटी खोटी वाटली तर नाटक गेलं."

"मला सांगतोस?" आवाजकाकू म्हणाल्या.

 घरी जाताना सुनेने विचारलं की आई, पावसाचा आवाज असा कसा हो? सासूबाई म्हणाल्या, तो खरा पाऊस आहे म्हणून.

"म्हणजे?"

"चल, दाखवते. वाटाणे कुठे ठेवलेत?"

सून पहिल्यांदाच जिन्याखालच्या खोलीत शिरली. आत बघते तर हे एवढं सामान: हातमोजे, करवंट्या, मोडकी छत्री, नुसतीच एक दाराची चौकट, कुलूप लावलेली पेटी जी कधीच उघडायची नव्हती कारण तिचं कुलूपच छान वाजायचं. सासूबाईंनी तिच्या हातात पत्र्याचं ताट दिलं, त्यात वाळके वाटाणे ओतले आणि ताट हळूहळू कलवायला सांगितलं. सुनेने कलवलं आणि खोलीत पाऊस आला. तिने चक्क वर पाहिलं.

मग सासूबाईंनी सगळं सांगितलं. खरा पाऊस यंत्रात धरला की तळण होतो. खरं दार खाकरतं. खरे आवाज रंगमंचावर चालत नाहीत, आपापल्या जागीच शोभतात. तरीही हौस म्हणून त्यांनी मागे कधीतरी ते टिपून ठेवले होते आणि फोल्डराला नाव दिलं होतं 'निकामी'. कामाचे आवाज वेगळे, आणि त्यांची नावं वेगळी. वाटाण्यांच्या आवाजाचं नाव 'वाटाणे-ताटात'. घोड्याचं 'करवंट्या-फरशीवर'. पाखरांचा थवा उडतो तो 'हातमोजे-झटकून'. चिखलात पाय रुततो तो 'बोटं-कणकेत'. कोणाचा हात मोडतो तेव्हा 'कोबी-पिळून'. ज्याने आवाज केला त्याचं नाव, ज्याचं सोंग घेतलं त्याचं नव्हे.

सुनेने कपाळाला हात लावला. म्हणजे तिने नावावरून शोधलं आणि डिस्कवरचे नेमके तेवढेच आवाज उचलले जे सासूबाईंनी टाकाऊ ठरवले होते. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, तशातली गत. तिने लगेच तोड सुचवली. रात्रीतून सगळ्या फाइलींची नावं बदलून टाकू, वाटाण्यांना पाऊस म्हणू.

"छे," सासूबाई म्हणाल्या. "मागच्या नाटकात हेच वाटाणे टाळ्या होते. त्याच्या आधी किड्यांचं वारूळ. एकदा पाऊस म्हटलंस की त्यांना जन्मभर पडतच बसावं लागेल."

सुनेला हे इतकं पटलं की ती वाद घालायचं विसरली. तिने संगणक मांडीवर घेतला आणि म्हणाली, मग तुम्ही सांगा, मी लिहिते. सासूबाईंनी फोल्डर उघडून दाखवले, आणि सुनेने पाहिलं की ते दुसरंतिसरं काही नव्हतं, घरच होतं. सगळ्यात बाहेर 'घर', त्यात 'स्वयंपाकघर', 'जिना', 'गच्ची', 'न्हाणी'. जो आवाज ज्या खोलीत धरला तो त्या खोलीत ठेवलेला. वर्षानुवर्षं नाटक बघणारी माणसं समुद्र समजून ऐकत आली तो यांच्या न्हाणीतला कपड्यांचा पिळा होता.

मग दोघींची गाडी सुसाट निघाली. सासूबाई सांगत आणि सून लिही. घर, तिरपी रेघ, स्वयंपाकघर, तिरपी रेघ, वाटाणे, पुढे चांदणी. मध्येच सासूबाईंनी विचारलं की या चांदणीचा उपयोग काय, आणि कुठे एक लिहितेस, कुठे दोन? सुनेने सांगितलं की एक चांदणी आपली खोली सोडत नाही. दोन असल्या की जिने चढतात, उंबरठे ओलांडतात, आतल्या आत जिथवर घर आहे तिथवर जातात.

"एकीला जमत नाही?"

"जमवू दिलं नाही मी. बरं दिसत नाही."

सासूबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि त्या काहीतरी म्हणणार होत्या, पण तेवढ्यात नवरोबा दारात येऊन उभे राहिले आणि आज घरात कोणाला जेवायचं आहे का, असं त्यांनी विचारलं. वाटाणे तेवढे शिजवू नकोस, असं त्यांना दोघींनी एकदमच सांगितलं.

दुसऱ्या दिवशीची तालीम दृष्ट लागावी अशी झाली. पाऊस पडला तेव्हा दिग्दर्शकाने पाय आखडून घेतले. वादळात निवाऱ्याचं दार कोसळतं, तिथे सुनेने जे बटण दाबलं त्याची वाट 'घर, जिन्याखालची खोली, मी-स्वतः' अशी होती. स्टुलावरून पडलेल्या आवाजकाकू अशा काही धाडकन कोसळल्या की दोन नट खरोखर दचकले. काकू समाधानाने प्लॅस्टरवरून हात फिरवत बसल्या. पण शेवटचा प्रवेश आला आणि शेकोटी पेटली ती उसन्या निखाऱ्यावर पेटल्यासारखी. बिस्किटाच्या पुड्याचा कागद चुरगाळून केलेला जुना आवाज होता. एरवी दुरून चालून जायचा. इथे सगळं थिएटर त्याच्याकडे कान लावून बसणार होतं आणि कान लावल्यावर तो कागदच होता. नवा करावा तर हल्लीचा कागद वाजत नाही आणि चुरगाळायचा हात प्लॅस्टरमध्ये.

दिग्दर्शक म्हणाला की बाकी सगळं काकूंचं राहील. पण उद्या शेकोटी जमली नाही तर पुढच्या प्रयोगापासून संचच लावावा लागेल, आणि मग निम्मं तुमचं निम्मं त्याचं कशाला.  आवाजकाकू घरी आल्या आणि खोलीचं दार लावून घेतलं. सून चहा घेऊन गेली तर आतून म्हणाल्या, ठेव ग बाहेर. तिने कप दाराशी ठेवला. एवढी सगळी वादळं केली या बाईने, आणि अडून बसली ती एका शेकोटीपाशी.

प्रयोगाच्या दिवशी थिएटर भरलं. लोक खुर्च्यांवर कोट टाकत होते, ओळखीचं माणूस दिसलं की हात हलवत होते. नवरोबा तिसऱ्या रांगेत टापटीप बसलेले दिसत होते. सुनेने सगळी बटणं पुन्हा एकदा तपासली. पहिली घंटा झाली आणि आवाजकाकूंनी खुर्ची जवळ ओढली.

"शेकोटीचं बदल," त्या म्हणाल्या. "लिही. घर, तिरपी रेघ, दोन चांदण्या, तिरपी रेघ, बोटं-टेबलावर. पुढे एक चांदणी."

सुनेची बोटं थांबली. तिने विचारलं की बोटं म्हणजे ती कणकेतली तर नव्हेत ना, नाहीतर शेकोटीच्या जागी चिखल वाजेल. काकू म्हणाल्या, कणकेतली वेगळी, ही टेबलावरची. ही फाइल इतके दिवस त्यांनी कुठल्याच नाटकाला दिली नव्हती. काल संध्याकाळी जरा संथ करून ठेवली, बाकी आहे तशी आहे. सून म्हणाली, मग खोली सांगा, थेट लिहिते, शोधत बसायला नको.

"खोलीचं काय करायचंय तुला? त्या दोघी हिंडतील की. उगाच का केल्यास?"

"निदान एकदा ऐकून तरी—"

दुसरी घंटा झाली. सुनेने लिहिलं. असं न ऐकता काही जोडायचं नाही, असा तिने परवाच कानाला खडा लावला होता. पण सासूबाईंच्या चेहऱ्याकडे बघून तिला पुढे विचारवेना. त्या लहान मुलीसारख्या अवघडून बसल्या होत्या.

नाटक सुरू झालं आणि चाललंही झकास. पाऊस आला, घोडा आला, दार कोसळलं, तिथे एक गृहस्थ 'अरे बापरे' म्हणाले. मग हळूहळू प्रकाश कमी होत गेला. निवाऱ्यात म्हातारा आणि त्याची मुलगी उरले. तिने काटक्या रचल्या, वाकून फुंकर घातली. सुनेने शेवटचं बटण दाबलं.

प्रोग्राम बटण दाबल्यावरच शोधायचा, आणि सापडलेली वाट पडद्यावर लिहून दाखवायचा. दोन चांदण्या घरभर हिंडल्या आणि ओळ उमटली:

घर / वरची खोली / दाराबाहेर / बोटं-टेबलावर

आणि शेकोटी पेटली. आधी तुरळक, तड, तड, मग एकदम धरल्यासारखी तडतडतडतड. मग थांबली, जणू काय जाळायचं याचा विचार करतेय. मग पुन्हा दोनतीन तडतड, आणि फट्‍कन एक लाकूड फुटलं. पुढच्या रांगेतल्या बाईंनी नकळत तळहात पुढे केले. म्हाताऱ्या नटाच्या चेहऱ्यावर आज तालमीतलं काही नव्हतं. तो खरोखर ऊब घेत होता. सबंध थिएटर गप्प बसून एका मुलीचं आणि तिच्या बापाचं काहीही न बोलणं ऐकत होतं.

सून मात्र शेकोटी ऐकत नव्हती. ती तो ठेका ओळखत होती. भरभर लिहायचं, अडायचं, लिहिलेलं खोडायचं, पुन्हा थोडं लिहायचं, आणि मनासारखं झालं की एंटरच्या मोठ्या बटणावर अंगठा हाणायचा. जगात असं टायपिंग करणारं एकच माणूस होतं आणि ते आत्ता काचेच्या खोलीत तोंड उघडं टाकून बसलं होतं. तिला ती शाल आठवली आणि शालीच्या आतला हात. त्या हातात काय होतं ते आता तिला कळलं.

तिने मान वळवली. आवाजकाकू रंगमंचाकडे बघत होत्या, अगदी ठरवून.

"विचारायला हवं होतं मी," त्या पुटपुटल्या. "पण तू थांबली असतीस. आणि मग तू ते आवाज करणंच बंद केलंस. मला वाटलं, कळलं तुला, आवडलं नाही."

 अंधारात सुनेने सासूबाईंचा प्लॅस्टरमधला हात धरला. त्यांना प्लॅस्टरमुळे काही कळलं नसणार, पण त्यांनी तो काढून घेतला नाही. रंगमंचावर शेवटचं लाकूड फुटलं आणि प्रकाश गेला. मग टाळ्यांचा कडकडाट झाला. आवाजकाकूंनी कान टवकारले.

"वाटाण्यांपेक्षा बऱ्या आहेत," त्या म्हणाल्या.

दिग्दर्शक धावतच आला.  त्याने पुढच्या नाटकाची संहिताच काकूंच्या मांडीवर ठेवली, त्यात एक आगबोट आहे आणि एक विहीर, तेवढं बघा म्हणाला आणि तसाच निघून गेला. घरी जाताना नवरोबांनी शेकोटीची तोंड भरून स्तुती केली आणि ती कुठून आणली असं विचारलं.

"वरून," त्यांची आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून खुर्चीवर चढली आणि कपाटावरचा जुना कीबोर्ड खाली काढला. त्याच्यावरची धूळ पुसली, बिनआवाजाचा काढून खणात टाकला. दार लावायला उठली आणि तसंच उघडं ठेवून परत येऊन बसली. त्या दूरदेशीच्या वापरकर्त्याचं पुन्हा आलंच होतं, की एका चांदणीला अडवता कशाला. तिने उत्तर लिहायला घेतलं. एक चांदणी उंबरठ्याशी थांबते, ते मुद्दाम आहे आणि तसंच राहील. ज्याला आत जायचंय त्याने तसं सांगावं, दोन टाकाव्यात, कोणी अडवणार नाही. हे वाचून बघितल्यावर तिला जरा तुटक वाटलं. तिने निम्मं खोडलं, पुन्हा लिहिलं, आणि शेवटी नेहमीसारखा मोठ्या बटणावर अंगठा मारला.

"ते शेवटचं जरा जोरात मार," दारातून आवाज आला. "लाकूड ओलं वाटतंय."

आवाजकाकू उंबरठ्याच्या पलीकडे उभ्या होत्या, शाल गुंडाळून. डाव्या हातात मायक्रोफोन होता, या खेपेला शालीबाहेर. सुनेने शेजारच्या खुर्चीवरचा कपड्यांचा ढीग उचलून पलंगावर टाकला.

"आत या की, आई. तिथून नीट येणार नाही."

सासूबाईंनी खोलीत सगळीकडे नजर फिरवली. खुर्ची, टेबल, खिडकी बघितली, आणि मग मान वर केली.

"आत तुझा पंखा आहे," त्या म्हणाल्या. "तो बंद कर, मग येते."

सुनेने उठून पंखा बंद केला.